तीन दरवाजावरचा लेख

गेल्या वर्षीची भाऊबीज मी अहमदाबादला केली. ताईचे लग्न होऊन ती त्या गावी गेली त्याला चाळीस वर्षे होऊन गेली. एवढ्या काळात भाऊबीजेला मी तिच्या घरी गेलो असेन फार तर तीन वेळा. या खेपेला गेलो तोही निव्वळ ओवाळून घ्यायला नव्हे. आमचा वाईचा वाडा मोडकळीला आला आहे. तो उतरवून नवी इमारत बांधावी असे आम्हा दोघा भावांचे ठरत होते आणि त्यासाठी ताईचे हक्कसोडपत्र हवे होते. मसुदा तिला वाचून दाखवायचा आणि नोंदणीची तारीख ठरवून यायची, एवढे काम होते. ताई फोनवरच म्हणाली होती, "आण कागद. म्हणशील तिथे सही करते. मला काय करायचाय आता वाईचा वाडा?" बहिणींनी असे म्हणावे आणि भावांनी ते अक्षरशः खरे मानावे, ही आपल्याकडची जुनी रीत आहे.

भाऊबीज झाली, ओवाळणी झाली, पण कागद काही पिशवीतून निघाला नाही. ताईचे एकच पालुपद : "आधी गाव बघ." गुजरातेत दिवाळीत बंद झालेली दुकाने लाभपंचमीला, म्हणजे आपल्या पांडवपंचमीला, मुहूर्त करून उघडतात. त्या दिवशी पहाटेच तिने मला उठवले. जुन्या शहरातून पायी हिंडवून आणणारी एक फेरी तिथल्या महापालिकेने १९९७ साली सुरू केली आहे. सकाळी आठच्या सुमारास ती काळुपूरच्या स्वामिनारायण मंदिरापासून निघते आणि जामा मशिदीपाशी संपते. इतिहासाचा वाटाड्या महापालिकेचा होता. खाण्याच्या वाटाडेपणाचे काम ताईने आपल्याकडे घेतले.

तिने ते काम फेरी सुरू होण्यापूर्वीच आरंभले. कढईतून निघालेला लांबच लांब फाफडा, त्यावर तळलेल्या हिरव्या मिरच्या, बाजूला कच्च्या पपईचा संभारो आणि या तिखटमिठाच्या पंगतीत तुपाने निथळणारी जिलबी! फाफड्याबरोबर जिलबी खायची हे माझ्या वाईकर जिभेला आधी पटेना. दुसऱ्या घासाला पटले.

आमचा वाटाड्या तरुण होता, मोठा बोलका. प्रत्येकाला गाव विचारीत तो माझ्यापाशी आला. मी म्हटले, "वाई. साताऱ्याजवळ." तो हसून म्हणाला, "म्हणजे आमचे जुने वसुलीवाले!" सगळे हसले, मीही हसलो. पण शाळेत ज्यांनी 'अटकेपार झेंडा' घोकला आहे, त्यांना आपली ही ओळख जरा टोचतेच.

स्वामिनारायण मंदिर १८२२ सालचे. पेशवाई बुडून चार वर्षे झाली होती आणि शहर इंग्रजांकडे आले होते. मंदिराचे रंगीत लाकडी कोरीवकाम डोळे भरून पाहिले आणि आम्ही पोळांत शिरलो. आपल्याकडे पोळ म्हणजे देवाच्या नावाने सोडलेला बैल. अहमदाबादेत पोळ म्हणजे एका वेशीच्या आत नांदणारी वस्ती. अहमदशहाने १४११ साली हे शहर वसवले, १५७३ साली ते अकबराने घेतले, पुढे मराठे आले, मग इंग्रज. राजे बदलत गेले आणि गाव आपले पोळांत राहत गेले. वेस रात्री लावून घेतली की आत एक स्वतंत्र गावच. गल्ल्या इतक्या अरुंद की दुपारचे ऊन जमिनीपर्यंत उतरत नाही. घरे लाकडी सांगाड्याची, भिंतीत लाकडाच्या तुळया घातलेली. जमीन हादरली तरी अशी भिंत विटेच्या भिंतीसारखी एकदम कोसळत नाही. घराच्या मधोमध चौक, आणि चौकाखाली पावसाचे पाणी साठवायचे टाके. अंगणापुढे ओटा, त्यावर बसून शेंगा सोलणाऱ्या आजीबाई. आणि पोळाच्या नाक्यावर एका खांबावर उभारलेले पाखरांचे घर, चबुतरो. माणसांना जागा पुरत नाही अशा ठिकाणी पाखरांसाठी नक्षीदार मनोरा बांधणारे हे लोक! या साऱ्याकडे पाहून युनेस्कोने २०१७ साली या शहराला जागतिक वारशाचा मान दिला. भारतात तो मान मिळवणारे हे पहिले शहर.

लांबेश्वरच्या पोळात कवी दलपतराम आपल्या घराच्या जागी ओट्यावर बसावेत तसे धातूचे बसले आहेत. मुले येताजाता त्यांच्या मांडीवर चढतात. पुढे हाजा पटेलच्या पोळात काळ्या रामाचे मंदिर. राम उभा नसून बसलेला. मग एका घराच्या दारासारख्या दारातून वाटाड्याने आम्हांला आत घातले आणि दुसऱ्याच पोळात बाहेर काढले. या चोरवाटा संकटात निसटण्यासाठी. "कोणत्या संकटात?" एका बाईंनी विचारले. वाटाड्याने माझ्याकडे पाहिले!

त्याची गोष्ट त्याने झवेरीवाडात सांगितली. १७२५ साली मोगल सरदारांच्या आपसातील भांडणात हमीदखानाने मराठ्यांना मदतीला आणले. कंठाजी कदम बांडे यांची फौज शहराच्या तोंडाशी आली. आता लूट होणार हे दिसू लागले. तेव्हा नगरशेठ खुशालचंद यांनी पदरची मोठी रक्कम भरून शहर वाचवले. शांतिदास झवेरींचे ते नातू. हे उपकार स्मरून सर्व व्यापाऱ्यांनी एकमताने लिहून दिले, की शहरात शिक्का बसणाऱ्या मालावर शंभर रुपयांमागे चार आणे खुशालचंदांना आणि त्यांच्या वंशजांना मिळत राहतील. एका शहराने एका माणसाचे ऋण पिढ्यान्‌पिढ्या फेडायचे ठरवले. आणि ते ऋण झाले आपल्यामुळे!

हा इतिहास आपण कमी सांगतो. खरे पाहता अहमदाबादेशी आपला संबंध जवळजवळ शंभर वर्षांचा. पिलाजी गायकवाडांचा १७३२ साली डाकोरला खून झाला, त्याचा जाब विचारायला उमाबाई दाभाडे फौज घेऊन या शहरावर चालून आल्या. पुढे १७३८ च्या सुमारास दमाजी गायकवाडांनी अर्धा वाटा मिळवला. पंधरा वर्षे एका शहरात मोगल व मराठे असा भागीचा संसार चालला, आणि भागीच्या संसारात चालते तेवढे भांडण चालले. १७५३ साली राघोबादादा व दमाजी यांनी जवाँमर्दखान बाबीला शहर सोडायला लावले. मग वाटणी झाली पेशवे आणि गायकवाड यांच्यात : पेशव्यांचा सुभेदार भद्राच्या किल्ल्यात, गायकवाडांचा माणूस हवेलीत. मध्ये १७८० साली इंग्रज सेनापती गॉडर्डने शहर जिंकले, पण १७८२ च्या सालबाईच्या तहाने ते परत मिळाले.

या वाटणीनेच शेवटी घात केला. पेशव्यांनी आपला वाटा गायकवाडांना इजाऱ्याने दिला होता. त्याची मुदत १८१४ साली संपली, आणि इजारा नि जुन्या बाक्यांचा हिशेब मिटवायला गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन पुण्यास आले. १८१५ च्या जुलैत पंढरपुरात त्यांचा खून झाला. संशय त्रिंबकजी डेंगळ्यांवर आला, इंग्रजांना निमित्त सापडले, १८१७ चा पुणे करार पेशव्यांच्या गळ्यात पडला, आणि पुढच्याच वर्षी पेशवाई आटोपली. राज्य बुडण्याची कारणे पुष्कळ असतात; पण त्यातले एक कारण वाटणीच्या या हिशेबात होते. चालता चालता मला उगीचच पिशवीतल्या मसुद्याची आठवण झाली.

हरकुंवर शेठाणींच्या हवेलीपुढे मात्र सगळेच थबकले. साठ खोल्यांची ती हवेली, वरती लाकडी तोरणांची रांग. त्यांचे पती हठीसिंग शेठ शहराबाहेर मोठे जैन मंदिर बांधता बांधता वारले. राहिलेले काम या बाईने नेटाने पुरे केले, १८४८ साली. ताई हळूच म्हणाली, "नाव मात्र हठीसिंगांचे मंदिर."

चांदला ओळीत ताईने कुंकू घेतले. चांदला म्हणजे कुंकवाचा टिळा. तिथेच एका पातेल्यातून वाफ निघत होती. खिचू! तांदळाच्या पिठाची जिरे-मिरची घालून शिजवलेली उकड, वर कच्चे तेल नि लाल मसाला. पापड लाटायच्या दिवशी आई पहिल्या लाट्या आम्हां तिघांच्या हातांवर ठेवी, त्याच चवीचे. आम्ही दोघे काही न बोलता खात होतो. आई त्या लाट्या सारख्या मापाच्या करी, हेही आठवले.

मुहूर्त पोळ, शहरातला पहिला पोळ म्हणतात तो, पाहून आम्ही माणेकचौकात आलो. सराफांच्या पेढ्यांतून नव्या वह्यांची पूजा चालली होती. पलीकडे शेअर बाजाराची जुनी इमारत. मुंबईच्या खालोखाल देशातला जुना शेअर बाजार हा, १८९४ सालचा. राणीच्या हजिऱ्यात अहमदशाही राण्या निजल्या आहेत आणि त्यांच्या भोवती बायकांच्या कपड्यांची, मुखवासाची दुकाने. बादशहाच्या हजिऱ्यात स्वतः अहमदशहा. जामा मशिदीत २६० खांबांमधून ऊन-सावली हलत होती. मशीद १४२४ ची. तिचे उंच मिनार १८१९ च्या भूकंपात पडले. इथे फेरी संपली. वाटाड्याने सर्वांना नमस्कार केला आणि मला म्हणाला, "तीन दरवाजा बघून जा. तिथे तुमच्या लोकांचे काहीतरी आहे."

तीन दरवाजा तिथून हाकेच्या अंतरावर. अहमदशहाच्याच वेळच्या या तीन कमानी. त्यांतून स्वाऱ्या जात, आता रिक्षा आणि फेरीवाले जातात. एका कोनाड्यात दिवा तेवत होता. दंतकथा अशी : लक्ष्मी शहर सोडून निघाली तेव्हा कोतवालाने तिला वेशीत अडवले. "बादशहाची परवानगी घेऊन येतो, तोवर जाऊ नका," असे वचन घेतले आणि आपले मस्तक कापून घेतले, म्हणजे परत येणेच नको! तो दिवा लक्ष्मीसाठी, आणि तो जपत आले आहे एक मुसलमान कुटुंब.

आणि कमानीवर तो लेख. देवनागरी अक्षरे. मराठ्यांचा सुभेदार चिमणाजी रघुनाथ याचा हुकूम, तारीख १० ऑक्टोबर १८१२. आशय एवढाच, की वडिलार्जित मालमत्तेतला मुलीचा वाटा तिला बिनहरकत द्यावा. ही विश्वनाथाची आज्ञा आहे. यात जो कसूर करील तो हिंदू असेल तर महादेवाला जाब देईल, मुसलमान असेल तर अल्ला-रसुलाला.

मी पुनःपुन्हा वाचले. हा हुकूम दगडावर का कोरला असेल? लोक आपण होऊन वाटा देत असते तर कोरावा लागला नसता. कोरला तोही कुठे, तर साऱ्या गावाची ये-जा जिथून होते तिथे. लेख लावल्याने पोळापोळांतल्या मुलींना वाटे मिळाले असतील असे मी म्हणत नाही. वसुली करणारे तेच राज्य होते आणि सहा वर्षांत ते गेलेही. पण शंभर वर्षांच्या आपल्या कारभारातले मला अभिमानाने दाखवता येईल असे काही असेल, तर ते हे. मुलीला वारस मानणारा कायदा आपल्याकडे १९५६ साली झाला. वडिलोपार्जित घरात मुलाच्या बरोबरीने जन्मतःच हक्क देणारी देशभरची दुरुस्ती झाली २००५ साली. चिमणाजी रघुनाथाच्या लेखानंतर एकशे त्र्याण्णव वर्षांनी.

"तू हे आधी वाचले होतेस?" मी ताईला विचारले.

"लग्नानंतर पहिल्याच वर्षी. परक्या गावात देवनागरी अक्षरे दिसली, म्हणून थांबून वाचली."

"मग कधी बोलली का नाहीस?"

"काय बोलायचे? चाळीस वर्षे इथून भाजी घेऊन जाते. कोणी मान वर करून वाचत नाही." मग हसून म्हणाली, "चल, भद्रकालीला जाऊन येऊ."

भद्राच्या किल्ल्यालगत, आझमखानाच्या सराईत मराठ्यांच्या अमदानीत थाटलेले ते देवीचे मंदिर. ताईने मघाचे कुंकू देवीला वाहिले. रात्री आम्ही पुन्हा माणेकचौकात आलो. दिवसा जिथे सोने तोलत होते तिथे आता बाकडी मांडली होती, तव्यांवर लोण्याचा धूर उठला होता. आम्ही पावभाजी खाल्ली, कुल्फी खाल्ली. ताई म्हणाली, "उद्या गाडी आहे तुझी. काढ तो कागद."

मी म्हटले, "मसुद्यात चूक आहे. दुरुस्त करून पाठवतो."

वाईला आल्यावर धाकट्याशी आठ दिवस वाद झाला. पंढरपूरपर्यंत मात्र तो गेला नाही. नव्या कागदावर तीन नावे आहेत. ताई त्यावर सही करायला यंदा भाऊबीजेला वाईला येते आहे, आणि येताना फाफडा आणते आहे. जिलबी इथे मिळते.