पात्र आणि पात्रता

ऑगस्ट विल्सनच्या 'जिटनी' या नाटकातील सारे काही एका टॅक्सीच्या अड्ड्यावर घडते. साल १९७७, शहर पिट्सबर्ग, वस्ती हिल डिस्ट्रिक्ट. परवानाधारक टॅक्सीवाले या कृष्णवर्णीय वस्तीत यायला तयार नसत, म्हणून वस्तीतल्याच माणसांनी आपल्या गाड्या विनापरवाना भाड्याने फिरवायला सुरुवात केली; त्या गाड्या म्हणजे जिटनी. नाटकभर टेलिफोन वाजत राहतो, कोणीतरी तो उचलतो आणि गाडी निघते. हे नाटक वर्गात शिकवताना आपण बाप-लेकाच्या संघर्षाबद्दल बोलतो, संवादांच्या लयीबद्दल बोलतो. बोलावल्यावर गाडी येणे या साध्या गोष्टीबद्दल मात्र फारसे बोलत नाही.

नाटकातल्या काळाच्या दोनच वर्षे आधीपर्यंत याच वस्तीतून आणखी एक गाडी धावत होती. ती रुग्णवाहिका होती आणि ती चालवणारी माणसेही याच वस्तीतली होती. शहराशी कंत्राट करून ही सेवा चालवणाऱ्या त्या खाजगी, विनानफा संस्थेचे नाव फ्रीडम हाऊस. आणीबाणीच्या वैद्यकाच्या इतिहासात तिला आता मानाचे स्थान मिळू लागले आहे. केव्हिन हॅझर्ड यांचे 'अमेरिकन सायरन्स' हे पुस्तक २०२२ साली आले, त्यामुळे ती पुष्कळांना ठाऊकही झाली. येथे मात्र मला वैद्यकाबद्दल लिहायचे नाही. नोकरीत कोणाला घ्यायचे आणि घेतल्यावर वर कोणाला चढू द्यायचे, या दोन प्रश्नांच्या अंगाने या संस्थेकडे पाहावे, एवढाच हेतू आहे.

त्यासाठी आधी एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. १९६०च्या दशकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेत रुग्णवाहिकेवर काम करणे हा स्वतंत्र व्यवसायच नव्हता. १९६६ साली तेथील राष्ट्रीय विज्ञान अकादमीने अपघाती मृत्यूंविषयी एक अहवाल प्रसिद्ध केला. देशातील जवळजवळ निम्मी रुग्णवाहिका-सेवा अंत्यसंस्काराचा व्यवसाय करणाऱ्यांच्या हाती असल्याचे त्यात नोंदवलेले आहे. कारण अगदी व्यवहारी होते: माणसाला आडवे झोपवून नेता येईल अशी गाडी त्यांच्यापाशीच असे. जी गाडी सकाळी रुग्णवाहिका, तीच संध्याकाळी शववाहिनी. पिट्सबर्गमध्ये हे काम पोलिसांकडे होते. कैद्यांची ने-आण करणाऱ्या गाडीत रुग्णाला ठेवायचे, दोघा शिपायांनी पुढे बसायचे आणि गाडी इस्पितळाकडे हाकायची. मागे रुग्ण एकटा. हिल डिस्ट्रिक्टमध्ये ती गाडीसुद्धा उशिरा येई. आणि आलीच, तर पोलिसांच्या गाडीत आपणहून चढण्याचे धैर्य तेथील फार थोड्यांना होते.

या व्यवस्थेने वस्तीबाहेरचाही एक मोठा बळी घेतला. पिट्सबर्गचे माजी महापौर आणि पेनसिल्व्हेनियाचे माजी गव्हर्नर डेव्हिड लॉरेन्स नोव्हेंबर १९६६ मध्ये एका प्रचारसभेत कोसळले. पोलिसांच्या गाडीतून त्यांना इस्पितळात नेले, पण ते शुद्धीवर आले नाहीत आणि सतरा दिवसांनी वारले. त्यांच्याच महापौरपदाच्या काळात नगरविकासाच्या नावाखाली हिल डिस्ट्रिक्टचा खालचा भाग जमीनदोस्त झाला होता आणि सुमारे ८,००० माणसे विस्थापित झाली होती. जिवंतपणी ज्या वस्तीवर त्यांच्या कारभाराचा बुलडोझर फिरला, तिच्यासाठी त्यांचा मृत्यू नकळत एक दार उघडून गेला.

ते दार उघडणाऱ्यांत दोघे प्रमुख. पीटर सफार हे व्हिएन्नात जन्मलेले भूलतज्ज्ञ. तोंडाने कृत्रिम श्वास देण्याची आणि छाती दाबून हृदय चालते ठेवण्याची जी पद्धत आज शाळकरी मुलांनाही शिकवली जाते, तिच्या जनकांपैकी ते एक. १९६६ सालीच त्यांची लहान मुलगी दम्याच्या झटक्याने दगावली. इस्पितळात पोहोचण्याआधीची काही मिनिटे हा त्यांचा ध्यास होताच. आता ते त्यांचे दुःखही झाले. दुसरे फिल हॅलन. एका धर्मादाय निधीचे ते अध्यक्ष होते आणि पूर्वी त्यांनी स्वतः रुग्णवाहिका चालवली होती. हिल डिस्ट्रिक्टमध्ये फ्रीडम हाऊस एंटरप्रायझेस ही कृष्णवर्णीयांच्या रोजगारासाठी काम करणारी संस्था १९६७ पासून उभी राहत होती. हॅलन यांनी या संस्थेची आणि सफार यांची गाठ घालून दिली.

आणि मग भरती झाली. ही भरती मुळातून पाहण्यासारखी आहे. शहराच्या कागदपत्री भाषेत जे 'नोकरीस अयोग्य' होते, त्यांच्यातूनच ती करण्यात आली. कोणाचे शालेय शिक्षण अर्धवट सुटलेले, कोणी व्हिएतनामहून परतलेला आणि बेकार, कोणाच्या नावावर पोलिसांत नोंद. अर्जदाराने काय केले आहे यापेक्षा तो काय शिकू शकेल, हा निकष लावला गेला. या निकषाला भाबडेपणा म्हणता येत नाही, कारण पुढची अट कठोर होती: सुमारे ३०० तासांचे प्रशिक्षण. शरीररचना, शरीरक्रिया, शुश्रूषा, जोखमीचे वाहन चालवणे, आणि प्रत्यक्ष शस्त्रक्रियागृहात व अतिदक्षता विभागात उभे राहून केलेले काम. ज्यांचे शालेय शिक्षण अपुरे होते त्यांना त्याच्या समकक्ष परीक्षेची तयारीही करवून घेतली गेली. देशात बहुतेक ठिकाणी रुग्णवाहिकेवरच्या माणसाकडून प्रथमोपचारापलीकडे काही अपेक्षिलेच जात नव्हते, तेव्हाची ही गोष्ट. म्हणजे प्रवेशाची पायरी मुद्दाम खाली ठेवली आणि प्रशिक्षणाची मुद्दाम उंच. एरवी जग नेमके याच्या उलट करते.

१९६८च्या उन्हाळ्यात सेवा सुरू झाली आणि पहिल्या वर्षातच सुमारे ५,८०० वेळा या गाड्या धावल्या. कामाची कीर्ती पसरली, तरी अडथळे राहिलेच. बोलावणी पोलिसांच्या यंत्रणेमार्फत येत, आणि ती फ्रीडम हाऊसकडे वळवायची की नाही हे पलीकडच्या माणसाच्या मर्जीवर असे. गोऱ्या वस्तीत गेल्यावर, छातीत कळ येत असतानाही, या माणसांनी आपल्याला स्पर्श करू नये म्हणणारे रुग्ण भेटत. अस्पृश्यतेचा हा प्रकार मराठी वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही.

जॉन मून यांचे उदाहरण या भरतीचा खरा परिणाम दाखवते. ते एका इस्पितळात वॉर्डबॉय होते. एके दिवशी फ्रीडम हाऊसचे दोघे जण रुग्णाला घेऊन आत आले. गणवेशातले दोन कृष्णवर्णीय पुरुष, डॉक्टर-परिचारिकांशी बरोबरीने बोलणारे, आणि त्यांचे म्हणणे लक्ष देऊन ऐकले जात होते. मून यांनी ठरवले की आपल्याला हेच व्हायचे आहे. अर्ज करताच नोकरी मिळाली नाही. आवश्यक ते प्रशिक्षण आधी पूर्ण करावे लागेल असे सांगण्यात आले. ते पूर्ण करून १९७२ साली ते रुजू झाले. चार-पाच वर्षांपूर्वी 'नोकरीस अयोग्य' मानलेल्यांची संस्था आता उमेदवाराला परत पाठवण्याइतकी काटेकोर झाली होती. व्यवसाय जन्माला येतो तो असा.

१९७४ मध्ये नॅन्सी कॅरोलिन ही तरुण डॉक्टर संस्थेची वैद्यकीय संचालक झाली. ती स्वतः गाडीतून फिरे, चुका दाखवी, श्वासनलिकेत नळी घालण्यासारखी तोवर डॉक्टरांचीच मानली जाणारी कौशल्ये शिकवी. केंद्रीय वाहतूक खात्याने देशभरातील रुग्णवाहिका-सेवकांसाठी जो प्रमाणित अभ्यासक्रम तयार करवून घेतला, त्याचे काम तिच्याकडे होते आणि त्याची पारख फ्रीडम हाऊसच्या गाड्यांवर झाली. १९७९ साली प्रसिद्ध झालेले तिचे 'इमर्जन्सी केअर इन द स्ट्रीट्स' हे पुस्तक या व्यवसायाचे पाठ्यपुस्तक ठरले. त्या पुस्तकामागे हिल डिस्ट्रिक्टच्या रस्त्यांवरचा अनुभव उभा आहे.

येथपर्यंतची कथा चढत्या भाजणीची आहे. पुढची तशी नाही. महापौर पीट फ्लॅहर्टी यांच्या प्रशासनाने शहराची स्वतःची सेवा उभारली आणि ऑक्टोबर १९७५ मध्ये फ्रीडम हाऊसचे कंत्राट संपुष्टात आले. आपल्या माणसांना नव्या सेवेत सामावून घ्यावे असा आग्रह कॅरोलिनने धरला आणि तो मान्यही झाला. कागदावर कोणावर अन्याय झाला नाही. सगळ्यांना नोकऱ्या मिळाल्या.

पण नोकरी मिळणे आणि नोकरीत टिकणे यांतले अंतर आता दिसू लागले. वर्षानुवर्षे एकत्र काम केलेल्या जोड्या फोडण्यात आल्या. कमी अनुभवाच्या गोऱ्या सहकाऱ्यांच्या हाताखाली त्यांना नेमण्यात आले. गाडीतून रुग्णाचे सामान उचलण्यापुरते काहींचे काम उरले. नव्या लेखी परीक्षा आल्या. जुन्या गुन्ह्यांच्या नोंदी, ज्या माहीत असूनच १९६७ साली या माणसांना घेतले होते, त्या आता अपात्रतेचे कारण ठरल्या. काहींना काढले, काही कंटाळून गेले. थोड्याच वर्षांत फ्रीडम हाऊसमधून आलेल्यांपैकी मोजकेच उरले, आणि नव्वदच्या दशकाच्या अखेरीस पिट्सबर्गची रुग्णवाहिका-सेवा जवळजवळ संपूर्ण गोरी झाली होती.

या साऱ्याला उघड वर्णद्वेष म्हणणे सोपे आहे, आणि तो होताच. पण यंत्रणेने वापरलेले हत्यार अधिक सभ्य होते. मराठीत 'पात्र' या शब्दाचे तीन अर्थ एकाच वेळी नांदतात: भांडे, नाटकातली व्यक्ती, आणि लायक. पात्रता म्हणजे भांड्यात किती मावेल ते, असा मूळ भाव धरला, तर १९६७च्या भरतीने तोच पाहिला: या माणसात किती मावेल? १९७५ च्या यंत्रणेने भांड्यात काय आहे हे पाहिलेच नाही. भांडे कोणत्या घरातून आले, त्यावर कसले डाग आहेत, एवढेच तपासले. विशेष म्हणजे तोवर या कामाचे निकष याच माणसांच्या कामातून घडले होते. ज्यांनी व्यवसायाला पात्रतेची व्याख्या मिळवून दिली, त्यांनाच त्या व्याख्येच्या आधाराने बाहेर ठेवले गेले. नवा व्यवसाय प्रतिष्ठित होऊ लागला की असे वारंवार घडते. काम हलके मानले जाते तोवर ते कोणीही करावे. त्याला पगार, हुद्दा आणि मान मिळू लागला की दारावर पहारा बसतो.

येथे पुन्हा विल्सनकडे वळावेसे वाटते. तो १९४५ साली याच हिल डिस्ट्रिक्टमध्ये जन्मला. पंधरा वर्षांचा असताना त्याने नेपोलियनवर एक निबंध लिहिला. हा निबंध त्याचा स्वतःचा असणे शक्य नाही, असे शिक्षकाने ठरवले. मुलाने शाळा सोडली आणि पुढचे शिक्षण सार्वजनिक ग्रंथालयात बसून स्वतःच घेतले. लिहिलेला निबंध समोर होता. तो चांगला होता, हाच त्याच्याविरुद्धचा पुरावा ठरला. 'जिटनी' लिहिताना विल्सनच्या मनात फ्रीडम हाऊस होते असा माझा दावा नाही. मात्र शहराने न दिलेली सेवा वस्तीने स्वतः उभी करावी आणि मग शहराने येऊन तिला टाळे ठोकावे, हा नाटकातला पेच त्या रस्त्यांवर कल्पित नव्हता, इतके निश्चित म्हणता येते.

मून टिकून राहिले. नव्या सेवेत ते खालच्या पायरीवरून पुन्हा चढत गेले आणि २००९ साली सहायक प्रमुख म्हणून निवृत्त झाले. त्यांच्या बढतीपेक्षा तिचा त्यांनी केलेला उपयोग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. अधिकार हाती येताच त्यांनी भरतीचा प्रश्न लावून धरला आणि फ्रीडम हाऊसच्या धर्तीवर वस्तीतून माणसे शोधून त्यांना तयार केले. अशा रीतीने सेवेत आलेल्यांपैकी एक अमेरा गिलख्रिस्ट. २०२३ साली त्या पिट्सबर्गच्या रुग्णवाहिका-सेवेच्या प्रमुख झाल्या. त्या पदावरची पहिली स्त्री आणि पहिली कृष्णवर्णीय व्यक्तीही. १९७५ ते २०२३ हे अंतर अठ्ठेचाळीस वर्षांचे आहे. एका माणसाचे सारे नोकरीचे आयुष्य त्यात मावून उरते.

आपण, म्हणजे हे वाचणारे बहुतेक जण, परीक्षा देणारे किंवा घेणारे आहोत. मुलाखतीच्या टेबलाच्या या किंवा त्या बाजूला आपण कधी ना कधी बसतो. प्रवेशाच्या अटी ठरवताना आपण गुणवत्तेचे रक्षण करत आहोत असे आपल्याला मनापासून वाटते. फ्रीडम हाऊसचा इतिहास त्या भावनेला खोटे ठरवत नाही, कारण तेथील प्रशिक्षणाची अट आपल्या कितीतरी अटींपेक्षा कठोर होती. तो एवढेच विचारतो की कठोरपणा आपण शिकवण्यात दाखवतो की दारात. ज्याला आपण दारातून परत पाठवतो, त्याला ३०० तास शिकवून पाहिले होते का?