कर्जाचा जामीनदार

जामीनदार (हमीदार) : ऋणकोने कर्ज फेडले नाही तर ते आपण फेडू, असे धनकोला वचन देणारी व्यक्ती. भारतात या कराराचे नियम भारतीय करार अधिनियम, १८७२ याच्या कलम १२६ ते १४७ मध्ये आहेत. करारात धनको, मुख्य ऋणको आणि जामीनदार असे तीन पक्ष असतात. तोंडी हमीही कायद्याने चालते. बँका व पतसंस्था मात्र ती लेखीच घेतात. कर्जातला एक रुपयाही जामीनदाराच्या हाती येत नाही, म्हणून हमी पोकळ ठरत नाही. मुख्य ऋणकोला मिळालेले कर्ज हाच तिचा पुरेसा मोबदला होय (कलम १२७).

इतिहास : ‘जामीन’ हा मूळ अरबी शब्द फार्सीमार्फत मराठीत आला. जामिनाच्या लेखाला जुन्या व्यवहारात जामीनकतबा म्हणत. कल्पना याहून पुष्कळ जुनी आहे. याज्ञवल्क्यस्मृतीत जामिनाचे तीन प्रकार सांगितले आहेत : माणसाला हजर करण्याचा (दर्शन), त्याच्या भरवशाची ग्वाही देण्याचा (प्रत्यय) आणि पैसे फेडण्याचा (दान). एकत्र कुटुंबातील भाऊभाऊ, पतिपत्नी आणि पितापुत्र यांनी विभक्त होण्यापूर्वी एकमेकांना जामीन राहण्यास ही स्मृती मान्यता देत नाही. आजच्या कायद्यात असे बंधन नाही. उलट जामीनदार बहुधा घरातलाच किंवा नात्यातलाच असतो. मेव्हण्यासाठी किंवा पुतण्यासाठी सही करताना आपण फक्त त्याच्या सचोटीची ग्वाही देतो, असे अनेकांना वाटते. कागद मात्र तिसऱ्या प्रकारचा, म्हणजे पैसे फेडण्याचा असतो.

जबाबदारी : करारात वेगळे काही ठरले नसेल, तर जामीनदाराची जबाबदारी मुख्य ऋणकोइतकीच असते (कलम १२८). मुद्दल, व्याज आणि करारानुसार लागणारा इतर आकार हे सारे तीत येते. ‘आधी त्याच्याकडून वसूल करा, मग माझ्याकडे या’ असे जामीनदाराला म्हणता येत नाही. बँक ऑफ बिहार विरुद्ध दामोदर प्रसाद या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये हे स्पष्ट केले. दोन जामीनदारांपैकी एकाला धनकोने मोकळे केले, तरी दुसरा सुटत नाही (कलम १३८).

सहकर्जदार व जामीनदार : सहकर्जदार हा स्वतःच ऋणको असतो आणि हप्त्याची जबाबदारी त्याच्यावर पहिल्या दिवसापासून असते. एकत्र वचन देणाऱ्यांपैकी कोणाही एकाकडून धनको संपूर्ण रक्कम मागू शकतो (कलम ४३). जामीनदारावर प्रसंग येतो तो कर्ज थकल्यावर. कोणत्या रकान्यात आपली सही आहे, हे म्हणूनच आधी पाहावे.

वसुली : महाराष्ट्रातील सहकारी पतसंस्था महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १०१ खाली वसुली दाखला मिळवू शकतात. त्यावरून थकबाकी जमीन महसुलाप्रमाणे वसूल करता येते. पगारदारांच्या पतसंस्थेत सभासदाने संमतिपत्र दिलेले असेल, तर पगारातून थेट कपात होते. जामीनदाराने स्वतःचे घर तारण दिले असेल, तर २००२ च्या सरफेसी कायद्याखाली साठ दिवसांची नोटीस देऊन बँक त्याचा ताबा घेण्याची कारवाई करू शकते. कर्ज थकल्याची नोंद जामीनदाराच्या पतअहवालातही उमटते आणि त्याला स्वतःसाठी कर्ज मिळणे अवघड होते.

हक्क : कर्ज फेडल्यावर जामीनदार धनकोच्या जागी उभा राहतो (कलम १४०) आणि धनकोकडील तारणावर त्याचा हक्क पोहोचतो (कलम १४१). भरलेली रक्कम तो मुख्य ऋणकोकडून वसूल करू शकतो (कलम १४५). सहजामीनदारांनी, वेगळा करार नसल्यास, भार समान उचलायचा असतो (कलम १४६). नात्यातली भीड मध्ये येते म्हणून हे हक्क बहुतेक वेळा वापरलेच जात नाहीत. ते बजावण्यासाठी पावत्या व पत्रव्यवहार जपून ठेवणे आवश्यक असते.

सुटका : जामीनदाराच्या संमतीशिवाय कर्जाच्या अटी बदलल्या, तर बदलानंतरच्या व्यवहारांपुरता तो मुक्त होतो (कलम १३३). धनकोने केवळ दावा लावण्यास उशीर केला, तर मात्र सुटका होत नाही (कलम १३७). खोटी माहिती देऊन किंवा महत्त्वाची बाब दडवून धनकोने घेतलेली हमी अवैध ठरते (कलम १४२, १४३). छापील हमीपत्रात यांपैकी काही संरक्षणे जामीनदार आधीच सोडून देतो, अशी कलमे अनेकदा असतात. कॅश क्रेडिटसारख्या कर्जासाठी दिलेल्या चालू हमीत (एकामागून एक होणाऱ्या व्यवहारांना लागू असणाऱ्या हमीत) नोटीस देऊन पुढील व्यवहारांपुरती हमी मागे घेता येते (कलम १३०). आधीचे देणे कायम राहते.

वारस : जामीनदाराचा मृत्यू झाल्यास तोपर्यंत झालेले देणे त्याच्या मालमत्तेतून फेडले जाते आणि वारसांची जबाबदारी मिळालेल्या मालमत्तेपुरतीच असते. वडिलांचे ऋण फेडणे हे हिंदू मुलाचे धर्मकर्तव्य, एवढ्याच आधारावर ९ सप्टेंबर २००५ नंतरच्या कर्जासाठी मुलावर कारवाई करता येत नाही.

सहीपूर्वी : हमीची कमाल रक्कम करारात लिहून घेता येते. कर्जकराराची व हमीपत्राची प्रत मागून घ्यावी, कोऱ्या कागदावर सही करू नये आणि हप्ते भरले जातात की नाही, याची चौकशी करत राहावी. नाते कितीही जवळचे असो, संपूर्ण कर्ज एकट्याने फेडण्याची ऐपत आणि तयारी असेल, तरच जामीन राहावे.