एकदाच देता येणारी परीक्षा

जून १९९९. तुमचं वय सतरा. आगोट सरली आहे, पाऊस लागला आहे आणि सावर्ड्याच्या बाजारपेठेतून जाणाऱ्या सतरा नंबरच्या हायवेवर ट्रकांच्या चाकांनी तांबडं पाणी उडतं आहे. वारा कात कारखान्यांकडून आला की शिजलेल्या खैराचा तुरट वास नाकात भरतो. कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागून अजून दीड वर्षही झालेलं नाही. पॅसेंजर स्टेशनात शिरली की लहान मुलं अजून धावत बघायला जातात.

बारावी सायन्सचा निकाल लागलाय. चिपळूणला डीबीजे कॉलेजात एफवायला नाव घालायचं, असं घरात ठरलंय. पण तुमचं चित्त तिथे नाही. उन्हाळ्यात तुम्ही मुंबईला लालबागच्या मामांच्या खोलीत राहून एनडीएची, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची, लेखी परीक्षा देऊन आलात. आधी गणित, मग जनरल ॲबिलिटी. अर्जात तिन्ही दलांचा पसंतीक्रम मागितला होता. तुम्ही पहिलं लिहिलंत, हवाई दल.

हे सुभेदारकाकांना पटलेलं नाही. वाडीतले ते निवृत्त सुभेदार. रत्नागिरी जिल्ह्यानं पायदळाला पिढ्यान् पिढ्या माणसं दिली. महार रेजिमेंट, मराठा लाइट इन्फन्ट्री ही नावं इथे घराघरात माहीत. "आर्मी पयली का नाय लिवलीस? विमानवाल्यांत आपलं कोण हाय?" ते विचारतात. प्रश्न रास्त आहे. वाडीत विमान चालवणारा सोडा, विमानात बसलेलाही कुणी नाही. रांगोळीसारखी पांढरी रेघ ओढत आभाळातून जाणारं विमान तुम्ही पाहिलंय, तेवढाच तुमचा संबंध. तरीही तुम्ही ते लिहिलंत.

वर्गात गणितात तुमच्या पुढे असणारी एक मुलगी होती. तिला हा अर्ज भरताच येत नाही. एनडीएचं दार मुलींना उघडायला २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाचा आदेश यावा लागेल आणि पहिल्या मुली खडकवासल्यात पोचतील २०२२मध्ये. आज, जून १९९९ला, हा विचार तुमच्याच काय, कुणाच्याच डोक्यात येत नाही, आणि हे मला आज लिहितानाही लागतं.

संध्याकाळी सातच्या बातम्यांना पडवीत माणसं जमतात. कारगिल चालू आहे. २६ मेपासून हवाई दल उतरलंय. दुसऱ्याच दिवशी फ्लाइट लेफ्टनंट नचिकेता यांच्या मिग-२७चं इंजिन बंद पडलं आणि ते पाकिस्तानच्या हाती लागले. त्यांच्या शोधात थांबलेले स्क्वाड्रन लीडर अजय आहुजा परत आले नाहीत. २८ला एक एमआय-१७ हेलिकॉप्टर पाडलं गेलं, आतले चौघेही गेले. नचिकेता जूनच्या सुरुवातीला परतले, त्या रात्री तुमच्या आईनं देवापुढे साखर ठेवली. का, ते ती बोलली नाही. हवाई दलाचे प्रमुख आहेत एअर चीफ मार्शल अनिल यशवंत टिपणीस. टिपणीस हे नाव ऐकून बाबा मान वर करतात. कारखान्यातल्या कारकुनाला हवाई दलप्रमुखाचं आडनाव ओळखीचं वाटतं, आणि तेवढ्यानं त्या खात्याचं परकेपण थोडं कमी होतं.

२४ जूनला मिराज-२००० विमानं टायगर हिलवर लेझरच्या नेमानं बॉम्ब टाकतात. तुम्ही त्या वेळी गुडघाभर चिखलात तरवा लावताय, डोक्यावर इरलं. ही बातमी दुसऱ्या दिवशी कळते.

लेखीचा निकाल घरी येत नाही, तो शोधावा लागतो. चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात तुम्ही जाता. १८६४ सालचं हे वाचनालय. रोजगार समाचारचे अंक चाळता. पानभर नुसते आकडे, नाव कुणाचंच नाही. बोट वरून खाली सरकतं आणि एका ठिकाणी थांबतं. पुन्हा हॉलतिकीट काढून ताडून बघता. तोच नंबर. टेबलाभोवती म्हातारे वाचक पेपर वाचतायत, त्यामुळे ओरडता येत नाही. एसटीनं परत येताना खिडकीकडेची जागा मिळाली, एवढंच तुम्ही घरी आधी सांगता.

मग कॉल लेटर. हे मात्र पोस्टमनच आणून देतो आणि पाकिटावरचं 'भारत सरकार' वाचून स्वतःच थोडा वेळ अंगणात थांबतो. हवाई दलाचं निवड मंडळ, म्हैसूर. प्रवासभाडं पहिल्या खेपेला सरकार देतं, हे वाचून बाबांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरतो.

ऑक्टोबरात तुम्ही निघता. रत्नागिरीहून मत्स्यगंधा एक्सप्रेस, मंगळूर, तिथून मडिकेरीच्या घाटातून कर्नाटकची बस. आयुष्यात पहिल्यांदा मराठी न बोलणाऱ्या मुलुखात एकटे. डब्यात भेटतो साताऱ्याच्या सैनिक शाळेतला एक मुलगा. कुंभार्ली घाट चढून गेलं की पाटण, कराड आणि मग सातारा. इतक्या जवळ १९६१ सालापासून देशातली पहिली सैनिक शाळा उभी आहे, आणि तिच्यात प्रवेशाची परीक्षा असते हे सावर्ड्यात तुम्हाला कुणी वेळेवर सांगितलंच नाही. त्याला सगळं ठाऊक आहे. चेस्ट नंबर म्हणजे काय, 'रेकमेंड' होणं म्हणजे काय, 'कॉन्फरन्स आउट' म्हणजे काय. तुम्ही ऐकत राहता. तो मोकळेपणानं सांगतो, काही लपवत नाही, आणि त्या प्रवासात तुम्हाला मिळालेली ही सगळ्यात मोठी शिदोरी.

म्हैसूरला पोचल्यावर तुमचं नाव जातं. छातीवर नंबरचं कापड बांधलं जातं आणि पुढचे दिवस तुम्ही तो नंबर असता. पडद्यावर एकेक शब्द पंधरा सेकंद, असे साठ शब्द. प्रत्येकावर मनात आलेलं वाक्य लिहायचं. पुसट चित्रं तीस सेकंद बघून चार मिनिटांत गोष्ट. साठ प्रसंग, अर्ध्या तासात साठ उत्तरं. मैदानावर फळ्या, दोर, पिंपं घेऊन सगळ्या गटानं न ओलांडता येणारी जागा ओलांडायची. तुमचं इंग्रजी पुस्तकी, चर्चेत पहिलं वाक्य मिळेपर्यंत दुसऱ्यानं ते बोललेलं असतं. पण फळीला गाठ कशी मारावी, ओझं तिघांत कसं वाटावं, हे लावणीच्या आणि गवताच्या भाऱ्यांच्या पोराला शिकवावं लागत नाही. मैदानावर तुमचा आवाज आपोआप निघतो. मुलाखतीत अधिकारी घरची शेती किती विचारतात, आणि तुम्ही 'खायला पुरते' असं खरं उत्तर देता.

आणि मग ती परीक्षा. पीएबीटी. पायलट होण्याची अंगभूत पात्रता तपासणारी. इतर सगळ्या परीक्षा पुन्हा देता येतात. लेखी पुन्हा, मुलाखत पुन्हा. पीएबीटी मात्र आयुष्यात एकदाच. नापास झालात तर हवाई दलात वैमानिक होण्याचा रस्ता त्या दिवशी बंद, मग तुम्ही कितीही हुशार व्हा, कितीही वर्षं थांबा.

आधी कागद. विमानातल्या घड्याळांची चित्रं: उंची दाखवणारं, होकायंत्र, क्षितिज दाखवणारं. काटे वाचून विमान चढतंय की उतरतंय, कोणत्या दिशेला कललंय, हे भराभर सांगायचं. ही यंत्रं तुम्ही पंधरा मिनिटांपूर्वी पहिल्यांदा पाहिली आहेत. समजावतात नीट, एकदाच. मग यंत्रावर. खुर्चीत बसायचं, हातात दांडा, पायाखाली पॅडल. समोरच्या पडद्यावरचा ठिपका चौकोनातून पळतोय, त्याला आत ठेवायचं. मध्येच दिवे लागतात, आवाज होतात, तेही डाव्या हातानं बंद करत राहायचं. त्यानंतर फिरता ड्रम, त्यावर नागमोडी जाणारे ठिपके आणि तुमच्या हातात एक कळ.

तुम्ही सायकल सोडली तर आजवर काहीच चालवलेलं नाही. मोठ्या शहरातल्या मुलांनी व्हिडिओ गेम खेळलेत, काहींनी वडिलांची गाडी. तुमचा हात पहिल्या मिनिटाला घट्ट होतो, ठिपका बाहेर जातो. मग, कसं कुणास ठाऊक, तुम्ही दांडा ओढायचं सोडता आणि नुसता धरता. ठिपका परत येतो.

ही परीक्षा न्याय्य आहे का, या प्रश्नाशी मी बराच काळ झगडलो आहे. ज्यानं यंत्राला कधी हात लावला नाही त्याला एकच संधी देणं निर्दय वाटतं. पण तिचा हेतू सराव मोजणं हा नाहीच. सरावाशिवाय हात, पाय, डोळे आणि कान एकत्र किती काम करतात ते पाहणं हा आहे. पुन्हा पुन्हा दिली की मोजलं जाईल ते पाठांतर. खैराच्या वासात वाढलेला मुलगा आणि मुंबईतल्या बंगल्यातला मुलगा एका खुर्चीत बसतात आणि ठिपका दोघांनाही ओळखत नाही. मला ही गोष्ट त्या सगळ्या निवडीतली सर्वांत सरळ वाटते.

शेवटच्या दिवशी एका रांगेत उभे असलेल्यांपैकी मोजके नंबर पुकारले जातात. त्यात तुमचा आहे. साताऱ्याच्या मुलाचा नाही. तो तुमची पाठ थोपटतो आणि बॅग उचलून बसस्टँडकडे निघतो.

बंगळूरच्या वैद्यकीय संस्थेत तुमचं शरीर इंचाइंचानं तपासतात. पायलटला उंची किमान १६२.५ सेंटीमीटर लागते, पण तेवढ्यानं भागत नाही. पायांची लांबी वेगळी, मांडीची वेगळी, बसल्यावरची उंची वेगळी, कारण कॉकपिट कुणाच्या अंगाप्रमाणे शिवत नाहीत. मांडी ६४ सेंटीमीटरपेक्षा लांब असेल तर इजेक्शनच्या वेळी गुडघे आपटतील. रंगीत ठिपक्यांच्या पुस्तकातला आकडा तुम्ही वाचता. शेजारच्या मुलाला तो दिसतच नाही. अठरा वर्षं तो हिरवा आणि लाल ओळखतोय असं समजून जगलाय, आणि इथे, या टेबलावर, त्याला पहिल्यांदा कळतं. तुम्ही 'फिट'.

परत सावर्डे. भात कापून झालंय, खळ्यावर झोडणी चालू आहे. आता करण्यासारखं काहीही नाही. निवड झाली, तब्येत पास, तरी जागा नक्की नाही, कारण शेवटी सगळ्या देशाची एक गुणवत्ता यादी लागते. तिन्ही दलं मिळून एका तुकडीला सुमारे तीनशे मुलं घेतात, हवाई दलाला त्यातली साठ-सत्तर. तुम्ही पहाटे स्टेशनच्या रस्त्यानं धावता, दिवसा एसटीनं कॉलेजला जाता, दुपारी पोस्टमनची सायकल ऐकता. वाडीतले लोक आता 'पायलट' म्हणून हाक मारू लागलेत. त्या हाकेनं अंगावर काटा येतो आणि भीतीही वाटते.

आई एका रात्री भांडी घासता घासता विचारते, "विमान पडतंत ना रे ती?" पेपरात मिग पडल्याच्या बातम्या ती वाचते, बाबांना वाटतं ती वाचत नाही. तुम्ही काहीतरी बोलून वेळ मारून नेता. पण तिचा प्रश्न अडाणी नाही. १९९९ साली शिकाऊ वैमानिक आधी पंख्याच्या विमानावर, मग किरण या जेटवर शिकतो आणि तिथून बहुतेकांना मिग-२१वर बसवतात, जे उतरतानाच ताशी तीनशे किलोमीटरच्या वर असतं. मधली पायरी हवी, प्रगत प्रशिक्षण जेट हवं, अशी शिफारस ला फॉन्टेन समितीनं १९८२ सालीच केली आहे. तुमच्या जन्माच्या वर्षी. हॉक विमानांचा करार होईल २००४मध्ये, ती बीदरला औपचारिकपणे दाखल होतील २००८मध्ये. त्याआधी, १७ सप्टेंबर २००१ रोजी, सुरतगडला फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ मिग-२१च्या अपघातात जातील आणि त्यांची आई कविता गाडगीळ प्रशिक्षणाच्या आणि विमानांच्या सुरक्षिततेचा प्रश्न घेऊन वर्षानुवर्षं उभी राहील. सावर्ड्यातल्या चुलीपुढे विचारला गेलेला तोच प्रश्न.

मुलगा निवडताना मांडीची लांबी सेंटीमीटरच्या अंशापर्यंत मोजणाऱ्या व्यवस्थेनं, त्याच मुलाच्या हाती द्यायच्या विमानासाठी पाव शतक लावलं. त्या विलंबाची किंमत आयांनी दिली, आणि ती मोजायला कुठलंही मंडळ बसलं नाही. मला याचा राग येतो आणि तो कमी व्हावा असं वाटत नाही.

डिसेंबरात यादी लागते. पुन्हा चिपळूण, पुन्हा ते टेबल, पुन्हा आकडे. बोट वरून खाली जातं. तळाशी पोचतं. तुम्ही पुन्हा वरून सुरू करता. नंबर नाही. निवड झालेला, तब्येतीनं पास, आणि जागा संपल्यामुळे बाहेर. अशांना 'मेरिट आउट' म्हणतात, हे तुम्हाला मत्स्यगंधाच्या डब्यातच कळलं होतं.

घरी सांगता. बाबा "बरं" म्हणतात आणि थोड्या वेळानं विचारतात, परत देता येते का? सुभेदारकाका येऊन पडवीत बसतात, या वेळी आर्मीचं नाव काढत नाहीत. आई कॉफी करते, जी एरवी फक्त पाहुण्यांना मिळते.

लेखी परत द्यावी लागेल, म्हैसूरला परत जावं लागेल, नंबर परत छातीवर बांधावा लागेल. वय अजून बसतं. आणि पीएबीटी तुम्ही पास झालायत. ती आयुष्यात एकदाच असते, म्हणून ती आता कायमची पासच आहे. ते यंत्र तुम्हाला पुन्हा कधीच विचारणार नाही. तुम्ही माळ्यावरची ट्रंक उघडून हॉलतिकीट, मेडिकलचे कागद आणि बाकीचं सगळं एका फायलीत लावता, आणि येत्या परीक्षेच्या अर्जासाठी दोन पासपोर्ट फोटो हवेत म्हणून बाबांकडे पैसे मागता.