बॉनेटखालची पाच मिनिटे

गणपतीला कोकणात जायचे ठरले की गाडी धुऊन-पुसून लख्ख केली जाते, टायरमध्ये हवा भरली जाते, पेट्रोलची टाकी काठोकाठ भरली जाते. बॉनेट उघडून आतील तेल-पाण्याकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. मग आंबा घाटाच्या चढणीवर तापमानाचा काटा लाल रेघेकडे सरकू लागला की धावपळ सुरू होते. वास्तविक ही तपासणी अवघ्या पाच मिनिटांची आहे आणि तिच्यासाठी एक स्वच्छ फडके पुरेसे आहे. गाडीसोबत मिळालेली माहितीपुस्तिका मात्र हाताशी असावी. कोणते तेल, किती आणि केव्हा, याबाबत अखेरचा शब्द तिचाच.

इंजिन ऑइल

गाडी सपाट जागी उभी करून इंजिन बंद करावे आणि पाच-दहा मिनिटे थांबावे, म्हणजे वरचे तेल खाली उतरते. डिपस्टिक काढून पुसावी, पुन्हा पूर्ण आत घालावी आणि मग बाहेर काढून पाहावी. तेल दोन खुणांच्या मध्ये असावे. कमी असल्यास थोडे थोडे घालून पुन्हा मोजावे. 'थोडे जास्तच बरे' हा हिशेब येथे चालत नाही. पातळी फार वर गेली तर फिरणारा क्रँकशाफ्ट तेल घुसळतो, त्याला फेस येतो आणि वंगणाचे काम नीट होत नाही.

तेल काळे दिसणे हा दोष नव्हे, डिझेल गाडीत तर ते लवकरच काळे होते. दुधाच्या चहासारखे दिसले तर मात्र त्यात कूलंट किंवा पाणी मिसळल्याची शंका घ्यावी. तेल न घालताही पातळी वाढलेली दिसली तर तेही वाईट लक्षण होय. २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ निकषांच्या डिझेल गाड्यांत काजळीचा फिल्टर असतो. शहरातल्या छोट्या फेऱ्यांमुळे तो पूर्ण साफ होत नाही आणि न जळलेले डिझेल तेलात उतरू शकते. ऑइलचा लाल दिवा धावत्या गाडीत पेटला तर 'पुढच्या पंपापर्यंत जाऊ' असे म्हणू नये. गाडी बाजूला घेऊन इंजिन तत्काळ बंद करावे.

कूलंट

कूलंटची पातळी इंजिन थंड असताना, पारदर्शक टाकीवरील दोन खुणांच्या आधारे बाहेरूनच पाहावी. गरम इंजिनवर रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. आतील द्रव दाबाखाली असतो; झाकण सैल होताच तो उसळून हात-तोंड भाजते. भर घालताना नळाचे पाणी टाळावे, कारण त्यातील क्षारांचे थर आत साचतात. कूलंटच्या रंगावरून त्याचा प्रकार ठरवू नये. हिरव्यात हिरवे मिसळले म्हणजे काम झाले असे नाही.

ब्रेक ऑइल

ब्रेक ऑइल हवेतील बाष्प शोषून घेते आणि त्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू घसरतो. 'डॉट ४' प्रतीच्या नव्या ऑइलसाठी तो किमान २३० अंश सेल्सियस असावा लागतो. ठरावीक प्रमाणात पाणी शोषल्यावरची मर्यादा मात्र १५५ अंशांची आहे. घाट उतरताना ब्रेक सतत दाबून ठेवला तर असे जुने ऑइल उकळते, वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल दाबूनही गाडी थांबत नाही. म्हणून पातळी ठीक दिसली तरी साधारण दोन वर्षांनी ते बदलावे. पातळी हळूहळू उतरणे हे ब्रेक पॅड झिजल्याचे लक्षण असते; एकाएकी उतरली तर गळती समजावी आणि गाडी चालवूच नये. अनेक गाड्यांत क्लचलाही याच टाकीतून ऑइल जाते.

गिअरबॉक्स

सर्वांत दुर्लक्षित राहतो तो गिअरबॉक्स. हाताने गिअर बदलण्याच्या बहुतेक गाड्यांत त्याला डिपस्टिक नसते. वर्कशॉपमध्ये गाडी लिफ्टवर सपाट उचलून गिअरबॉक्सच्या बाजूचा प्लग उघडतात. तेल सहसा भोकाच्या खालच्या कडेपर्यंत असावे लागते. हे काम आपण सांगितल्याखेरीज होतेच असे नाही, म्हणून सर्व्हिसिंगला देताना तसे लिहून द्यावे. पावसाळ्यात गाडी तुंबलेल्या पाण्यातून गेली असेल तर ही तपासणी अवश्य करून घ्यावी, कारण हवेसाठी ठेवलेल्या छिद्रातून पाणी आत शिरू शकते.

ऑटोमॅटिक गाड्यांत प्रकार अनेक. टॉर्क कन्व्हर्टर, सीव्हीटी आणि ड्युअल क्लच या प्रत्येकाचे तेल वेगळे. एकाचे दुसऱ्यात घातले तर लाखाच्या घरातला खर्च उभा राहू शकतो. एएमटी हा मुळात हाताने बदलण्याचाच गिअरबॉक्स असल्याने त्यात गिअर ऑइल लागते. काहींत गिअर बदलणाऱ्या यंत्रणेचे ऑइल निराळे असते. जुन्या ऑटोमॅटिक गाडीत डिपस्टिक असल्यास बहुधा तेल गरम आणि इंजिन सुरू ठेवून पातळी पाहतात. नव्या गाड्यांत बहुधा डिपस्टिक नसते आणि विशिष्ट तापमानालाच मोजणी होते, तेव्हा ते काम जाणकारावर सोपवावे. तेलाला जळका वास येणे, गिअर उशिरा पडणे किंवा झटका बसणे या तक्रारी अंगावर काढू नयेत.

जमिनीवरचे डाग

रात्रभर गाडीखाली जुना पुठ्ठा अंथरून ठेवल्यास गळती सहज कळते. काळपट डाग इंजिन ऑइलचा, लालसर डाग ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा किंवा हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंगचा, तर गोडसर वासाचा रंगीत डाग कूलंटचा असू शकतो. चाकाच्या आतल्या बाजूला बुळबुळीत डाग दिसला तर ब्रेक तपासल्याशिवाय निघू नये. एसी चालवल्यावर पडणारे स्वच्छ पाणी मात्र निर्धोक आहे.

या सर्वांत लक्षात ठेवण्याची गोष्ट एकच. पातळी वारंवार उतरत असेल तर तेल गळते आहे, जळते आहे किंवा दुसरीकडे मिसळते आहे. कारण न शोधता नुसती भर घालत राहणे म्हणजे आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी! गाडीत एक छोटी वही ठेवावी आणि दर पंधरा दिवसांनी तारीख, किलोमीटर व पातळी नोंदवावी. मेकॅनिकपुढे 'बहुतेक कमी झाले असावे' असे सांगण्यापेक्षा ही वही पुढे केली तर निदानही लवकर होते आणि अनावश्यक खर्चही टळतो.