दोन कणग्या

आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेला, सह्याद्रीच्या अगदी कड्यावर आहुपे हे गाव आहे. घोड नदीचा उगम इकडचाच. घाट उतरला की मुरबाडचा मुलूख लागतो. वस्ती बहुतेक महादेव कोळ्यांची, आणि शेती सारी पावसाच्या भरवशाची.

काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत मी तेथे एका घरी उतरलो होतो. माजघरात दोन कणग्या होत्या. मोठीत 'इंद्रायणी' भात आणि लहानीत जुने गावठी. मी मास्तरी थाटात विचारले, "आजी, नव्याचे पीक जास्त येते ना? मग हे जुने कशाला?"

त्या म्हणाल्या, "गुरुजी, वरच्या खाचरात माती उथळ. तिथं हळवंच भात लागतं. पाऊस लवकर उघडला तरी ते पदरात पडतं. तुमच्या इंद्रायणीला तोवर दाणा भरत नाही."

मी गप्प झालो. 'शेतकरी अडाणी, म्हणून नवे बियाणे घेत नाही,' असे मीच वर्गात वर्षानुवर्षे सांगत आलो होतो!

इतिहास काय सांगतो? 1965 साली मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांनी शनिवारवाड्यापुढे जाहीर केले, की दोन वर्षांत महाराष्ट्र अन्नधान्यात स्वयंपूर्ण झाला नाही तर मला फाशी द्या. त्याच सुमारास संकरित ज्वारी शेतात आली. पण तिचे बी दर वर्षी विकत घ्यावे लागे. 1966 साली फिलिपाईन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने 'आयआर-8' हे भात दिले. आपली जुनी भाते उंच. खत जास्त झाले की लोळत. हे बुटके भात खत पचवून ताठ उभे राही. उतारा भरघोस, पण दाणा जाड, आणि भात निवला की कडक. आंबेमोहोराच्या वासावर वाढलेल्या जिभेला तो कसा रुचावा?

वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी मग या दोघांची सोयरीक जमवली. आंबेमोहोर 157 आणि आयआर-8 यांच्या संकरातून निवडलेला 'इंद्रायणी' हा वाण 1987 साली प्रसारित झाला. उतारा वाढला, वास आणि मऊपणाही राहिला. शिवाय निवड होऊन वाण स्थिर झालेला, म्हणून बी घरचेच धरता येते. मावळातच नव्हे, तर आंबेगाव-जुन्नरच्या डोंगरी खाचरांतही तो रुजला. जे भात मोठमोठ्या घोषणांनी रुजले नाही, ते पानात रुचल्यावर आणि घरात साठवता आल्यावर रुजले.

शेतकऱ्याने नव्याला नकार दिला नव्हता. त्याने ते पारखून घेतले होते. ज्याच्या घरी एक वर्ष चुकले की चूल थंड पडते, त्याने खालच्या खाचरात नवे आणि वरच्यात जुने लावावे, याला अडाणीपणा कोण म्हणेल?

निघताना आजींनी पिशवीत नव्या इंद्रायणीचे तांदूळ घातले. मी म्हटले, "थोडे जुनेही द्या ना."

"ते नाही," त्या हसून म्हणाल्या, "ते बियाणं हाय."

सुट्टीनंतर शाळा उघडली. पहिल्याच तासाला मी मुलांना सांगितले, "बाळांनो, मागे मी तुम्हांला एक धडा चुकीचा शिकवला होता. वह्या काढा."