पावतीवरचे नाव

मुंबईच्या कामगाराचा इतिहास आपण बहुधा पगारावरून सांगतो. आज तो भाडेपावतीवरून सांगावयाचा आहे. या कागदावर ज्याचे नाव चढले तो शहराचा रहिवासी ठरला. ज्याचे चढले नाही तो जन्मभर पाहुणाच राहिला.

१८९६ साली प्लेग आला आणि कोंदट वस्त्यांचे हाल चव्हाट्यावर आले. १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. त्याने रस्ते रुंद केले, घरे पाडली. त्या घरांतली माणसे शेजारच्या चाळींत दाटीने शिरली. १९२० साली डेव्हलपमेंट डिपार्टमेंट स्थापन झाले. कापसाच्या गाठीमागे एक रुपया कर बसवून पैसा उभा केला आणि वरळी, नायगाव, शिवडी व डिलाईल रोड येथे २०७ चाळी उठल्या. खोली अवघी १६० चौरस फुटांची.

एकट्याच्या पगारात भाडे बसत नसे, म्हणून गिरणगावात एका गावचे १०-१२ गडी मिळून एक खोली घेत. दिवसपाळीचा उठला की रात्रपाळीचा त्याच जागी अंग टाकी. जेवण खानावळवाल्या बाईकडे. भाडे सर्वांचे, पावती मात्र एकाच्या नावाची.

भाडेवाढीला आवर घालणारा कायदा मुंबईत प्रथम आला तो महायुद्धाच्या महागाईत, १९१८ साली. १९४७ च्या कायद्याने सामान्यतः १ सप्टेंबर १९४० चे भाडे प्रमाण धरले आणि मालकाच्या लहरीवर भाडेकरूला हुसकता येईनासे झाले. या कायद्याने गरिबाला मोठा आसरा दिला, यात शंका नाही. पण आसरा मिळाला तो पावतीवरच्या नावाला. भाडे गोठले तसा मालकांनी दुरुस्तीचा हात आखडला, आणि नवी खोली पगडीवाचून मिळेना. पगडी नसलेला पोटभाडेकरू झाला आणि तोंड मिटून राहिला; कारण चोरून पोटभाडेकरू ठेवल्याचे उघड झाले तर मूळ भाडेकरूचीच खोली जावयाची.

१९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या. पगार गेला, परंतु ज्यांच्यापाशी पावती होती ती कुटुंबे तिच्या आधाराने शहरात तगून राहिली. ज्यांच्यापाशी ती नव्हती, त्यांतल्या कित्येकांनी गावची वाट धरली.

पुढे १९९९ चा कायदा झाला, तो ३१ मार्च २००० पासून लागू आहे. त्याने जुन्या भाड्यात दरसाल ४ टक्के वाढ मान्य केली व पगडीलाही मुभा दिली. आज नव्याने येणाऱ्याला घर मिळते ते बहुधा ११ महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर. मुदत सरली की बिऱ्हाड हलले!

तरीही याच कायद्यात एक हत्यार आहे. करार लेखी करून नोंदविण्याची जबाबदारी त्याने मालकावर टाकली आहे. नोंद नसेल तर, उलट सिद्ध होईपर्यंत, अटींविषयी भाड्याने राहणाऱ्याचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. बदली कामगार गिरणीच्या हजेरीपटावर नाव मागत असे. तसेच भाड्याने राहणाऱ्याने आपले नाव कागदावर मागून घ्यावे, आणि तेही एकेकट्याने नव्हे, सर्वांनी मिळून.