जात्यावरच्या गाण्याचे वारस

परभणी जिल्ह्यांत गोदावरीच्या कांठीं गंगाखेड हें गांव आहे. संत जनाबाईचें जन्मस्थान म्हणून तें साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. परंपरा सांगते कीं, दमा आणि करुंड या भाविक जोडप्याची ही मुलगी लहानपणींच पंढरपुरास गेली, नामदेवांचे वडील दामाशेटी यांच्या घरीं राहिली, आणि त्या घरचें दळणकांडण, झाडलोट व धुणेंपाणी करतां करतां तिनें अभंग रचिले. त्या गोष्टीला आज साडेसहाशेहून अधिक वर्षें लोटलीं. त्या काळच्या राजांचीं नांवें शाळेंतल्या मुलांना घोकून पाठ करावीं लागतात. पण या दासीचें नांव कोणीं न शिकवितां लोकांच्या तोंडीं राहिलें आहे.

गाणारें माणूस गेल्यावर त्याचें काय मागें उरतें, आणि जें उरतें त्याचा वारस कोण, हा गाण्याच्या रसिकांचा फार जुना वाद आहे. दोन शौकीन एकत्र बसले आणि बोलणें जुन्या गवयांवर आलें कीं, एकजण चीज मोठी म्हणतो, तर दुसरा म्हणतो, चीज सर्वांचीच असते, मोठा असतो तो गळा. नामांकित गवयांच्या बाबतींत हा वाद निदान नांव घेऊन तरी करतां येतो. त्यांच्या तबकड्या असतात, त्यांचे शिष्य असतात, त्यांच्या घराण्याचा इतिहास असतो. खेड्यांतल्या गाण्याची गोष्ट मात्र निराळी आहे. तेथें गाणें असतें, ऐकणारे असतात, आणि गाणाऱ्याचें नांव तेवढें नसतें. जनाबाईचें नांव टिकलें, हा अपवाद आहे. तो अपवाद कसा झाला हें पाहिलें म्हणजे बाकीच्यांचें काय झालें तेंहि समजतें.

जनाबाईच्या नांवावर सुमारें साडेतीनशें अभंग सांगितले जातात. ते बहुधा नामदेवांच्या गाथेंतच छापलेले आढळतात. 'हरिश्चंद्राख्यान' आणि 'थाळीपाक' हीं प्रकरणेंहि तिचींच मानलीं जातात. हे सारे अभंग एकाच जनीचे कीं, पुढच्या काळांत त्यांत भर पडली, याविषयीं अभ्यासकांत एकवाक्यता नाहीं. 'नामयाची दासी' ही तिची मुद्रा. ज्या रचनेच्या शेवटीं ती मुद्रा आली ती रचना लोकांनीं तिची म्हणून स्वीकारली. भाविकाला या चर्चेचें फारसें अगत्य वाटत नाहीं. पंढरपुराजवळ गोपाळपूर येथें जनाबाईचें जातें म्हणून एक जातें दाखवितात. विठ्ठल तिच्याबरोबर दळावयास बसला, ही कथा त्या जात्यापाशीं उभें राहून ऐकणाऱ्यांस पुराव्याची गरज भासत नाहीं. मात्र एक गोष्ट दोन्ही पक्षांना मान्य करावी लागेल. जनाबाईनें आपल्या रचनेंत आपलें नांव गोंवलें, आणि त्या रचनेला वारकऱ्यांच्या फडांचा व कीर्तनकारांचा आधार मिळाला. नांव आणि मंडळी या दोन गोष्टी एकत्र आल्या म्हणूनच गंगाखेडची मुलगी काळाच्या ओघांत वाहून गेली नाहीं.

जात्यावरचें गाणें जनाबाईहून जुनें आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथांत महाराष्ट्रांतील स्त्रिया कांडतांना ओवी गातात असा उल्लेख आहे. तो ग्रंथ इ. स. ११२९ च्या सुमाराचा, म्हणजे ज्ञानेश्वरीच्याहि दीडशें वर्षें आधींचा होय. त्याअर्थीं पंडितांनीं ओवीला ग्रंथांत जागा दिली त्यापूर्वींपासून ती बायकांच्या कामाशीं बांधलेली होती.

मराठवाड्यांत तें काम रोजचेंच होतें. या भागाची भाकरी ज्वारीची. ज्वारीचें पीठ फार दिवस चांगलें राहत नाहीं, म्हणून दळण थोडें थोडें आणि वरचेवर करावें लागे. पहांटे कोंबडा आरवण्याच्या सुमारास घरची सासुरवाशीण उठे आणि जात्यापाशीं बसे. मोठें दळण असलें तर दोघीजणी समोरासमोर बसून एकाच खुंट्याला हात घालीत. एकीनें ओवी काढावी, दुसरीनें ती उचलावी, मध्येंच वैरणीची मूठ जात्याच्या तोंडांत सोडावी, असा तो क्रम असे. जात्याच्या घरघरीनें लय मिळे आणि शब्दांनीं श्रमाचा विसर पडे. पुरुषमंडळी निजलेलीं असत, किंवा निजल्यासारखीं पडून असत. दिवसभर जें कोणापाशीं बोलतां येत नसे, तें या वेळीं ओवींतून बोललें जाई. माहेरची आठवण, भावाची वाट, सासूचा जाच, सीतेचा वनवास, विठ्ठलाचा शेजार, असे सारे विषय त्यांत येत.

या गाण्याला पुस्तक नव्हतें. परभणी जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता. राज्यकारभाराची भाषा उर्दू, आणि १९१८ सालीं हैदराबादेस निघालेल्या उस्मानिया विद्यापीठांतील शिक्षणाचें माध्यमहि उर्दूच. खेड्यांतल्या मुलीला तर कोणत्याच भाषेची शाळा सहसा लाभत नसे. अशा स्थितींत मराठी वाङ्मयाचा जो वांटा तिला मिळाला तो आई, आजी आणि सासू यांच्या तोंडून मिळाला. लग्न होऊन ती दुसऱ्या गांवीं गेली म्हणजे माहेरच्या ओव्या तिच्याबरोबर जात, आणि सासरच्या ओव्या त्यांत मिसळत. या मिसळण्यांत मूळ रचणारीचें नांव कोठें सांडलें हें कोणासच सांगतां येत नसे, आणि त्याची खंतहि कोणास वाटत नसे. शेजारींच देवीच्या गोंधळांत संबळ वाजविणारा गोंधळी आपल्या बापाआजाचें नांव सांगे, कारण गोंधळ हा त्याच्या कुळाचा हक्क होता. दळण हा कोणाचा हक्क नव्हता. तें केवळ काम होतें, आणि कामाबरोबर आलेल्या गाण्याला मालक नव्हता.

कधीं कधीं योगायोगानें नांव वांचे. खानदेशांतील बहिणाबाई चौधरी यांना अक्षरओळख नव्हती. शेतांत आणि घरांत काम करतां करतां त्यांनीं गाणीं रचिलीं. घरच्या माणसांनीं तीं टिपून ठेविलीं होतीं. १९५१ सालीं त्या वारल्या. त्यानंतर त्यांचे पुत्र सोपानदेव यांनीं तीं गाणीं आचार्य अत्रे यांना दाखविलीं, आणि १९५२ सालीं त्यांचें पुस्तक निघालें. मुलगा कवि नसता तर तीं गाणीं आज बहिणाबाईंचीं म्हणून कोणीं ओळखलीं असतीं काय? ज्यांचीं मुलें कवि नव्हतीं अशा आयांची संख्या मोजणें मात्र कोणास शक्य नाहीं.

गाणें एकाचें आणि नांव दुसऱ्याचें, हा प्रकार केवळ आपल्याकडचाच आहे असें नाहीं. अमेरिकेंत ज्याला 'कंट्री' म्हणजे गांवरान संगीत म्हणतात, त्याच्या जन्माचा मुहूर्त तेथील रसिक १९२७ सालचा सांगतात. त्या वर्षीं टेनेसी आणि व्हर्जिनिया यांच्या सीमेवरील ब्रिस्टल गांवीं व्हिक्टर कंपनीच्या वतीनें राल्फ पीअर यानें डोंगराळ भागांतील गाणाऱ्यांच्या तबकड्या घेतल्या. त्यांत कार्टर कुटुंब होतें. कुटुंबप्रमुख ए. पी. कार्टर हा पुढें डोंगरांतल्या वस्त्यांवर फिरून शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून जुनीं गाणीं मिळवी. त्याच्याबरोबर लेस्ली रिडल नांवाचा एक काळा गिटारवादक असे. कार्टरनें शब्द लिहून घ्यावे आणि रिडलनें चाल ध्यानांत ठेवावी, अशी त्यांची वांटणी होती. तबकड्या निघाल्या त्या कार्टर कुटुंबाच्या नांवानें, आणि पुष्कळशा गाण्यांवर रचनाकार म्हणून नांव पडलें तें ए. पी. कार्टरचें. रिडल अनेक वर्षें विस्मृतींत राहिला. १९६० नंतरच्या दशकांत माइक सीगर या संगीतप्रेमी गृहस्थानें त्याला शोधून काढलें आणि त्याचें वादन ध्वनिमुद्रित केलें.

'रॉक' संगीताच्या घरांतहि हीच भांडणें आहेत. १९४१ सालीं अॅलन लोमॅक्स आणि जॉन वर्क हे संग्राहक मिसिसिपी राज्यांतील एका कापसाच्या मळ्यावर गेले, आणि तेथील एका शेतमजुराचें गाणें त्यांनीं मुद्रित केलें. तोच पुढें मडी वॉटर्स या नांवानें प्रसिद्धीस आला. त्याच्या १९५० सालच्या एका गाण्यावरून इंग्लंडांतील काहीं तरुणांनीं १९६२ सालीं आपल्या वाद्यवृंदाचें नांव 'रोलिंग स्टोन्स' असें ठेविलें. ते तरुण पुढें वृद्ध झाले, जगभर गाजले, आणि त्यांचे चाहते आजहि वाद घालतात कीं, हा वारसा शिष्यांचा कीं त्या मळ्यावरच्या गायकाचा. त्या शिष्यांनीं निदान गुरूचें नांव मोकळेपणानें घेतलें, म्हणून हा वाद तरी होऊं शकला. यांतून एवढें स्पष्ट होतें कीं, यंत्र आवाज धरून ठेवतें, परंतु नांव धरून ठेवणें हें ऐकणाऱ्यांचें काम आहे.

परभणी जिल्ह्यांत यंत्र आलें तें दोन वेळां आणि दोन रूपांनीं. पहिलें यंत्र पिठाच्या गिरणीचें. आरंभीं तेलाच्या इंजिनावर व नंतर विजेवर चालणाऱ्या गिरण्या खेडोपाडीं पोंचल्या आणि जातें थांबलें. त्याबद्दल कोणीं हळहळण्याचें कारण नाहीं. पहांटेचे दोन तास खुंटा ओढणाऱ्या बाईला विचारलें तर ती गिरणीलाच दुवा देईल. परंतु श्रम गेले त्याबरोबर गाण्याची वेळ गेली आणि जागाहि गेली. हळदीचें दळण लग्नघरीं विधि म्हणून उरलें, त्याबरोबर चार ओव्या उरल्या.

दुसरें यंत्र ध्वनिमुद्रणाचें. पुण्याच्या हेमा राईरकर आणि फ्रान्सहून येऊन महाराष्ट्रांत स्थायिक झालेले गी पॉइतवाँ या दोघां अभ्यासकांनीं सहकाऱ्यांच्या मदतीनें खेडोखेडीं फिरून जात्यावरच्या ओव्या मिळविल्या. हजाराहून अधिक गांवांतल्या तीन हजारांवर स्त्रियांच्या सुमारें १ लाख १० हजार ओव्या त्यांनीं जमविल्या. बर्नार्ड बेल यांनीं ध्वनिमुद्रणाची बाजू सांभाळली. या शोधांत १९९६ सालीं ते परभणी जिल्ह्यांतील ताडकळस या गांवीं पोंचले आणि तेथें त्यांना गंगूबाई अंबोरे भेटल्या.

गंगूबाईंनीं सीतेच्या वनवासाच्या ओव्या गाइल्या. अरण्यांत सीता एकटी रडते, आणि तिचें रडणें ऐकावयास बोरी आणि बाभळी याच काय त्या शेजारणी असतात, असा त्यांच्या गाण्याचा आशय आहे. मराठवाड्याच्या माळावर बोर आणि बाभूळ याच झाडांची सोबत असते, म्हणून वाल्मीकीच्या अरण्यांत त्या सहज शिरल्या. त्या मुद्रणांतील आवाज कमावलेला नाहीं. तो खेड्यांतल्या वयस्क बाईचा, उन्हापावसांतला आवाज आहे. परंतु स्वर कोठें थांबवावा आणि शब्द कोठें सोडावा याची जाण त्यांत इतकी पक्की आहे कीं, ऐकणाऱ्याला वाल्मीकीची सीता आणि ताडकळसची बाई निराळ्या काढतां येत नाहींत.

येथें तो जुना वाद पुन्हां उभा राहतो. कोणी म्हणेल, या ओव्या गंगूबाईंच्या नव्हेत, त्यांनीं त्या आईकडून घेतल्या, आईनें आजीकडून घेतल्या; मग नांवाचा आग्रह कशाला? या म्हणण्यांत तथ्य आहे. ओवी ही सर्वांचीच, आणि तिच्यावर एका नांवाचा शिक्का मारणें म्हणजे ए. पी. कार्टरचीच चूक पुन्हां करणें होईल. परंतु शेंकडों ओव्यांतून सीतेच्याच ओव्या निवडणें, त्या एकापुढें एक ठेवणें आणि त्यांत आपला जीव ओतणें हें काम समाजाचें नव्हे. तें त्या एका बाईचें आहे. ओवीवर हक्क मंडळीचा असेल, गाण्यावर हक्क गाणारीचा आहे. तो हक्क तिला देण्यास फार कांहीं लागत नाहीं. तिचें नांव आणि गांव लिहून ठेविलें म्हणजे पुरे.

तसें लिहिलें गेलें, हें या संग्रहाचें मोठें पुण्य होय. गी पॉइतवाँ २००४ सालीं वारले, हेमा राईरकर २०१० सालीं वारल्या. २०१७ पासून 'पारी' या संस्थेनें हा संग्रह सर्वांस खुला केला, आणि तेथें ओवीबरोबर गाणारीचें नांव, गांव आणि तालुका हीं दिलेलीं असतात. गंगूबाईंचा शोध घेत माणसें पुन्हां ताडकळसला गेलीं तेव्हां त्या हयात नव्हत्या. ऐकणारा उशिरां पोंचला. पण नांव ठाऊक होतें म्हणून तो त्या गांवापर्यंत तरी पोंचूं शकला.

जनाबाईनें आपलें नांव स्वतःच अभंगांत गोंविलें. गंगूबाईंचें नांव त्यांच्यापुढें बसून ऐकणाऱ्यांनीं लिहिलें. या दोघींच्या मधल्या शतकांत याच जिल्ह्यांत ज्या हजारों जणींनीं पहांटे खुंट्याला हात घातला, त्यांचीं नांवें आतां मिळणार नाहींत. पण मुलगी असतांना आईसमोर जात्यावर बसलेल्या कांहीं वृद्ध स्त्रिया परभणी, पूर्णा, पाथरी, जिंतूर या भागांतल्या घरांत अजून आहेत. त्यांना दोन ओव्या म्हणावयास सांगणाऱ्यानें आधीं त्यांचें नांव विचारावें, मग माहेरचें गांव विचारावें, आणि ही ओवी कोणाकडून आली तेंहि विचारावें. एवढें लिहून घेतलें, तरच पुढच्या रसिकांना वाद घालतांना नांव घेतां येईल.